लेझरनंतर केस उलट वाढले, चूक माझी का?

पत्र :
मॅडम, माझं वय २६. हनुवटीवर आणि वरच्या ओठावर जाड, काळे केस यायचे म्हणून लेझर सुरू केलं. सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं, त्यातली पाच झाली. ओठावरचे केस खरंच कमी झाले. पण तिसऱ्या सिटिंगनंतर जबड्याच्या कडेला आणि कानासमोर गालावर, जिथे आधी नुसती लव होती, तिथे काळे केस दिसायला लागले. चौथ्या वेळी हनुवटीवर बारीक खपल्या धरल्या, आता तिथे तपकिरी ठिपके आहेत. सेंटरमधल्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "लेझरने केस वाढत नाहीत, तुमचे आधीपासूनच असतील. अजून चार सिटिंग घ्या, जातील." डागांसाठी तिनेच बिनलेबलाच्या डबीत एक क्रीम दिलं. ते दीड महिना रोज लावतेय, डाग फिके झाल्यासारखे वाटतात. आता ते भुवयांखालचंही करू म्हणतात. पायांच्या पॅकेजवर सूट देतायत. दुखू नये म्हणून घरूनच दोन्ही पायांना बधिर करणारं क्रीम लावून, वर प्लास्टिक गुंडाळून यायला सांगितलंय. (माझी पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, पण ते कॉलेजपासूनच आहे, त्याचं काही नाही.) आई म्हणते, "नको म्हणत होते, ऐकलं नाहीस." गेले दोन महिने मी केस पुढे सोडून गाल झाकते. हे मी स्वतःच ओढवून घेतलं का?

उत्तर :
तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तू काहीही ओढवून घेतलेलं नाहीस. आणि तुला भासही होत नाहीये.

लेझरनंतर केस वाढू शकतात. बहुतेकींचे वाढत नाहीत, पण काहींचे वाढतात, आणि हे डॉक्टरांना दोन दशकांहून जास्त काळ माहीत आहे. त्याला पॅराडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस म्हणतात, म्हणजे घालवायला गेलो तिथेच उलटून आलेली केसवाढ. चेहऱ्यावर जास्त केस असलेल्या स्त्रियांमध्ये आयपीएल, म्हणजे लेझरसारख्याच तीव्र प्रकाशाच्या झोतांच्या, उपचारांनंतर असं घडल्याचं २००२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे लेझरच्या जवळजवळ प्रत्येक प्रकाराबाबत तशा नोंदी झाल्या. वेगवेगळ्या पाहण्यांत याचं प्रमाण एक टक्क्याच्याही खालपासून दहा टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. कुठे आढळतं? बहुतेक वेळा चेहऱ्यावर आणि मानेवर, त्यातही जबड्याच्या कडेला आणि कल्ल्यांच्या जागी. कोणात? गव्हाळ ते सावळ्या त्वचेच्या, काळ्याभोर केसांच्या स्त्रियांमध्ये, आणि ज्यांच्या शरीरात हार्मोनची गडबड आहे त्यांच्यात जास्त. तू पत्रात केलेलं वर्णन इतकं नेमकं आहे, की ते वाचताना मला तुझा गाल समोर दिसत होता. "तुमचे आधीपासूनच असतील" हे ऐकून तू स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतलीस, याचं मला जास्त वाईट वाटलं.

हे होतं कसं, ते समजून घे, कारण पुढचा निर्णय त्यावरच ठरणार आहे. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्यात, मेलॅनिनमध्ये, शोषला जातो आणि तिथे त्याची उष्णता होते. ती केसाच्या मुळाजवळच्या, नवा केस घडवणाऱ्या पेशींपर्यंत पोचली की त्या पेशी निकामी होतात आणि आजूबाजूची त्वचा शाबूत राहते. अँडरसन आणि पॅरिश या दोन शास्त्रज्ञांनी १९८३ साली हे तत्त्व मांडलं, आजची सगळी यंत्रं त्यावरच उभी आहेत. ओठावरच्या जाड केसात मेलॅनिन भरपूर, म्हणून तो नीट तापला आणि गेला. गालावरच्या लवेत मेलॅनिन जेमतेम. तिथे पोचलेली उष्णता मूळ जाळायला अपुरी पडली, पण त्याला जागं करायला पुरली, असं यामागचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण आहे. भाजलेलं बी उगवत नाही. उबेला ठेवलेलं बी मात्र लवकर फुटतं. म्हणूनच हे केस लेझर मारलेल्या पट्ट्याच्या कडेला, जिथे प्रकाश विखरून कमी जोराने पोचतो तिथे, पुष्कळदा दिसतात. दुसरी शक्यता अशी, की हार्मोनमुळे गालावरची लव तशीही जाड व्हायचीच होती आणि ती नेमकी याच महिन्यांत झाली. दोन्ही गोष्टी एकत्रही घडू शकतात. तुझ्या बाबतीत तसंच असावं, असं मला वाटतं. का, ते सांगते.

तू एक वाक्य कंसात टाकलंस. "पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, त्याचं काही नाही." माझ्या दृष्टीने तुझ्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच. पाळी ३५ दिवसांपेक्षा लांबत जाणं आणि हनुवटीवर जाड केस येणं या दोन गोष्टी एकाच मुलीत दिसल्या की आम्ही पहिल्यांदा पीसीओएसचा, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन यांच्याशी संबंधित विकाराचा, विचार करतो (बोलताना लोक पीसीओडी म्हणतात). जगभरात प्रजननक्षम वयातल्या साधारण ८ ते १३ टक्के स्त्रियांना ते असतं, आणि त्यातल्या फार मोठ्या संख्येला ते आहे हेच माहीत नसतं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे हार्मोन आणि मूत्रपिंडावरच्या अड्रिनल ग्रंथी यांचे विकार तपासून वगळले, की या दोन खुणांवर निदान करता येतं. प्रत्येक वेळी सोनोग्राफी लागतेच असं नाही. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची पातळी बघतात, साखर आणि कोलेस्टेरॉलही बघतात, कारण पीसीओएसचा संबंध फक्त केसांशी नसतो. पुढे मधुमेहाची शक्यता वाढते, आणि पाळी फार लांबत गेली तर गर्भाशयाच्या अस्तरावर परिणाम होतो. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाहीये. पीसीओएस असलेल्या बहुतेक मुली योग्य उपचारांनी अगदी व्यवस्थित राहतात, आणि हवं तेव्हा त्यांना मुलंही होतात. पण लेझर सुरू करण्याआधी कुणीतरी तुला पाळीबद्दल विचारायला हवं होतं. मुळाशी हार्मोन असताना नुसतं लेझर करत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत राहणं. एक केस जातो, शेजारची लव जाड होते.

इथे एक इशाराही देऊन ठेवते, तुझ्यासाठी नसला तरी वाचणाऱ्या एखादीसाठी असेल. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, पुरुषांसारखं टक्कल पडायला लागलं, तर सावकाश अपॉइंटमेंट घेऊ नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. क्वचित त्यामागे अंडाशयाची किंवा अड्रिनल ग्रंथीची गाठ असते.

आता "अजून चार सिटिंग घ्या" याबद्दल. तुला कदाचित आश्चर्य वाटेल, पण हा सल्ला सरसकट चुकीचा नाही. उलटून आलेले केस एकदा जाड आणि काळे झाले की त्यांच्यात लेझरला हवं ते मेलॅनिन असतं, आणि योग्य यंत्राने, योग्य ताकदीने उपचार केला तर ते पुष्कळदा कमीही होतात. चूक आहे ती "तेच यंत्र, तेच सेटिंग, तोच हात" या गृहीतकात. तुझ्या हनुवटीवर खपल्या धरल्या, म्हणजे तिथे त्वचा भाजली. गालावर केस वाढले, म्हणजे तिथे उष्णता बहुधा अपुरी पडली. एकाच चेहऱ्यावर एकीकडे जास्त, एकीकडे कमी. हे दिसत असताना पाचवी सिटिंग देणाऱ्या व्यक्तीच्या हाती सहावी देऊ नकोस, फुकट असली तरी देऊ नकोस.

पुढे लेझर करायचं झालं तर ते त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, आणि हार्मोनच्या तपासण्या झाल्यावर. सावळ्या त्वचेत मेलॅनिन वरच्या थरातही असतं, ते केसाच्या वाट्याची ऊर्जा आधीच पिऊन घेतं, म्हणून डाग पडतात. अलेक्झांड्राइट लेझरची तरंगलांबी ७५५ नॅनोमीटर, डायोडची साधारण ८१० आणि एनडी याग लेझरची १०६४. तरंगलांबी जितकी जास्त तितका प्रकाश खोल जातो आणि वरच्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो, म्हणून सावळ्या त्वचेसाठी एनडी याग सर्वांत सुरक्षित मानलं जातं. पण बारीक केसांवर ते तितकंसं चालत नाही. म्हणून गालावरच्या लवेवर कुठलंही लेझर न मारणं, आणि जाड केसांवर मारताना आजूबाजूचा भाग थंड ठेवणं, हेच शहाणपणाचं. मोजकेच केस असतील तर इलेक्ट्रोलिसिसचा विचार कर. त्यात एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून विजेचा सूक्ष्म प्रवाह देतात. पद्धत जुनी आहे. आत वळलेल्या पापण्यांच्या केसांसाठी एका नेत्रतज्ज्ञाने १८७५ साली ती वापरल्याची नोंद आहे. वेळ फार लागतो, हात सफाईदार लागतो, नाहीतर यातही डाग पडतात. पण केसाच्या रंगाशी तिचं देणंघेणं नसतं, आणि लव जागी होण्याचा धोका लेझरसारखा नसतो.

जाहिरातीतल्या "कायमचं" या शब्दाबद्दलही बोलायला हवं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध आणि उपकरणांच्या नियामक संस्थेने, लेझर यंत्रांसाठी मान्य केलेला शब्दप्रयोग "परमनंट हेअर रिडक्शन" असा आहे. रिडक्शन, म्हणजे केसांच्या संख्येत टिकून राहणारी घट. एकही केस परत येणार नाही, असं वचन त्यात कुठेच नाही.

त्या डबीतल्या क्रीमकडे वळते, कारण ते मला फार खुपलं. भाजल्यानंतर सावळ्या त्वचेवर उमटणारे तपकिरी ठिपके बहुतेक वेळा आपोआप फिके होतात. काही महिने लागतात. रंग राखाडी-निळसर असेल तर त्याहून जास्त. बिनलेबलाचं क्रीम दीड महिन्यात डाग उजळतं, तेव्हा त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी असते. स्टेरॉइड चेहऱ्यावर रोज लावलं की आधी सगळं छान दिसतं. मग त्वचा पातळ होते, लालसर होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमं येतात. आणि लव वाढते! होय, चेहऱ्यावर केस वाढणं हा स्टेरॉइड क्रीमचा जुना, ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. तुझ्या गालावरचे केस तिसऱ्या सिटिंगनंतर आले आणि क्रीम त्यानंतर सुरू झालं, म्हणून सुरुवात क्रीमने केली नसणार. पण हनुवटीवरून ते आजूबाजूला पसरत असेल तर भर नक्की घालू शकतं. नवं लावणं थांबव, डबी फेकू नकोस, डॉक्टरांना दाखव. बंद केल्यावर चेहरा लाल झाला, आग व्हायला लागली तर घाबरून पुन्हा लावू नकोस. स्टेरॉइड सुटताना तसं होतं, आणि त्यातून बाहेर काढायचे उपाय डॉक्टरांकडे असतात. तोवर सौम्य मॉइश्चरायझर आणि रोज सकाळी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, बाहेर असशील तर दर दोन तासांनी पुन्हा. घासायचं नाही, खरडायचं नाही, लिंबू चोळायचं नाही. अझेलेइक अ‍ॅसिडसारखी डागांवरची औषधं आहेत, पण ती तुझी त्वचा शांत झाल्यावर, तपासून.

आता दोन गोष्टी, ज्यांत मला अजिबात मोकळीक द्यायची नाही.

भुवयांखाली लेझर करायचं नाही. डोळ्याच्या बुबुळातही मेलॅनिन असतं. पापणी मिटलेली असली तरी हा प्रकाश तिच्यातून आत जातो, आणि भुवयांजवळ लेझर करताना बुबुळाला (आयरिसला) इजा झाल्याच्या, बाहुली वेडीवाकडी झाल्याच्या, डोळ्यात दाह होऊन उजेड सहन न होण्याच्या घटना नोंदवल्या गेल्या आहेत. काही जणींच्या बाहुलीचा आकार पुन्हा पूर्ववत झालाच नाही. डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या आत हे यंत्र येता कामा नये. जे हे काम "त्यात काय" म्हणून सुचवतात, त्यांच्याकडे पायांचंही करू नये.

आणि ते बधिर करणारं क्रीम. या क्रीममध्ये लिडोकेनसारखं औषध असतं. थोड्या जागेवर, डॉक्टरांच्या नजरेखाली ते सुरक्षित आहे. पण दोन्ही पायांना थापलं आणि वर प्लास्टिक गुंडाळलं, की ते त्वचेतून रक्तात भराभर उतरतं आणि मेंदूपर्यंत, हृदयापर्यंत पोचतं. फेब्रुवारी २००७ मध्ये एफडीएने याबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यात दोन तरुणींचा उल्लेख होता, एक २२ वर्षांची, दुसरी २५ वर्षांची. दोघींनी लेझर हेअर रिमूव्हलआधी पायांना असंच क्रीम लावलं होतं, सांगितल्याप्रमाणे प्लास्टिक गुंडाळलं होतं. दोघींना झटके आले, दोघी कोमात गेल्या आणि वाचल्या नाहीत. तुझ्या पत्रातली ती ओळ वाचून मी उत्तर लिहायला लगेच बसले, ते यामुळे. शिवाय दुखणं हा लेझरमधला उपयोगी इशारा असतो. प्रमाणाबाहेर चटका बसला तर तू ओरडावंस आणि समोरच्याने हात थांबवावा, यासाठी ती जाणीव शाबूत हवी.

इतर दुष्परिणामांची पत्रं मला नेहमी येतात, म्हणून थोडक्यात. प्रत्येक केसाभोवती लालसर फुगवटा येणं हे अपेक्षितच, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ओसरतं. दोन-तीन आठवडे काळे ठिपके बाहेर येताना दिसतात, ते जळालेल्या केसांचे तुकडे असतात, नवी वाढ नव्हे. काही जणींच्या काखेत लेझरनंतर घाम वाढतो किंवा त्याचा वास बदलतो. काहींचे उरलेले केस पांढरे होतात, आणि पांढऱ्या केसावर लेझर चालत नाही. ओठाभोवती ज्यांना नागिणीसारखे तापाचे फोड पूर्वी येऊन गेलेत, त्यांना ते पुन्हा उठू शकतात. आधी सांगितलं तर प्रतिबंधक गोळी देता येते. तीळ आणि टॅटू यांच्यावरून यंत्र फिरवू देऊ नये. पाण्याचा फोड आला तर तो फोडायचा नाही, साध्या थंड पाण्याने गार करायचं, बर्फ थेट लावायचा नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

डॉक्टरांकडे जाशील तोवर गालावरच्या केसांचं काय, हा तुझा रोजचा प्रश्न आहे, ते मी जाणते. शेव्ह कर. ब्लेडने केस जाड होतात ही समजूत चुकीची आहे. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून बोटाला राठ लागतं, एवढंच. चेहऱ्याचं लहान रेझर, ओलसर त्वचा, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने. हनुवटीच्या डागांवरून मात्र नको. थ्रेडिंग आणि वॅक्सिंग सध्या टाळ, कारण चिडलेल्या त्वचेवर ते आणखी डाग पाडतं, आणि मूळच उपटलं तर पुढे लेझरला लक्ष्य उरत नाही. फक्त डॉक्टरांना दाखवायला जाण्याआधी आठवडाभर शेव्ह करू नकोस, वाढ कुठे आणि किती आहे ते त्यांना दिसायला हवं.

तपासणीत हार्मोनचा त्रास निघाला तर गोळ्या मिळतील. त्यांचा परिणाम चेहऱ्यावर दिसायला सहा महिने तरी लागतात, कारण आज दिसणारा केस मुळात कधीच घडून गेलेला असतो. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून सोडू नकोस. यातली काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, त्यामुळे मैत्रिणीची गोळी बघून स्वतःहून सुरू करू नकोस.

सेंटरकडून तुझी नोंद मागून घे : कोणतं यंत्र, प्रत्येक तारखेला किती ऊर्जा, कुठल्या भागावर. ती तुझी माहिती आहे, मागताना संकोच नको. दिली नाही तर नाही दिली म्हणून लिहून ठेव. खिडकीच्या उजेडात दोन्ही गालांचे आणि हनुवटीचे फोटो काढ, आधीचे फोटो फोनमध्ये असतील तर तेही एकत्र कर.

आईबद्दल. "नको म्हणत होते" हे वाक्य मला रागापेक्षा काळजीचं वाटतं, पण ते तुला टोचतं हेही खरं. तू तिला केस दाखवलेस, पाळीबद्दल सांगितलंस का? हवं तर हे उत्तर तिच्यासमोर ठेव. डॉक्टरांकडे जाताना तिला सोबत ने, कारण मावशीला, आजीला असे केस होते का, घरात कुणाला मधुमेह आहे का, हे डॉक्टर विचारतील आणि ते तिलाच माहीत असेल.

मागच्या चार-पाच पाळ्यांच्या तारखा आठवून आजच एका कागदावर लिही. नेमका दिवस आठवला नाही तर महिना आणि आठवडा लिहिलास तरी चालेल. तपासण्या झाल्या की मला पुन्हा पत्र पाठव, मी वाट बघते.